डोंगराचं खत खाली, खताची गोणी वर

ज्यांना आज इअरफोन सापडले नाहीत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी.

गेल्या जूनमध्ये गावी, रत्नागिरीत, काकांबरोबर युरियाची गोणी हापूसच्या कलमांपर्यंत चढवली. 45 किलो, खडी चढण. अर्ध्या वाटेत मी बसलोच. काका म्हणाले, "तुझे पणजोबा ह्याच वाटेनं खत खाली आणायचे."

चेष्टा वाटली मला. पण खरंच तसं होतं.

आमच्याकडे उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिथे नाचणी, वरी, गवत आणि ऐन-किंजळची झाडं. त्यांच्या फांद्या म्हणजे टाळ तोडून खाली आणायचे, शेण-पाचोळ्यासोबत भाताच्या रोपांच्या जागेवर भाजायचे. हीच भाजावळ, किंवा राब. भाताचं खत डोंगरावर पिकायचं! 1878 च्या वन कायद्यानंतर इंग्रजांनी फांद्या तोडण्यावर बंधनं आणली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली की 1880 च्या दशकात सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

मग 1990 आलं. रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि वरकस जमिनींवर कलमंच कलमं. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, हेक्टरी 100 झाडं. अनुदान सुरुवातीच्या काही वर्षांचं. आणि झाडाची भूक? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बघा: पहिल्या वर्षी 150 ग्रॅम नत्र, मग दरवर्षी तेवढीच वाढ, दहाव्या वर्षापासून दीड किलो. शिवाय अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश आणि शेणखत. म्हणजे अनुदान संपल्यावर खरी भूक लागते. माझ्या मते योजनेतली मोठी चूक हीच.

त्यात ही जांभ्याची माती. तिच्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, मुळांना लवकर देत नाही. नत्र तर कोकणातल्या पावसात वाहूनच जातं. म्हणून खत फेकायचं नाही. फांद्यांच्या घेराखाली वीतभर खोल चर खणून, त्यात घालून मातीनं झाकायचं. तीव्र उतारावर चर अर्धगोल, आणि चढाच्या बाजूला. पाणी खत घेऊन मुळांकडेच उतरतं. (पहिली दोन झाडं मी उलट खणली. काकांनी शांतपणे बुजवायला लावली.)

आता गुरं कमी, शेणखत विकत. त्यात कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. ते पालवी रोखतं, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. पण दरवर्षी फळ देणाऱ्या झाडाला खतही वाढवून लागतं. बाग कराराने घेणारा कल्टार आठवणीनं घालतो; खताच्या गोण्या वर चढवायची वेळ आली की मजूर मिळत नाहीत म्हणतो.

काकांनाही यंदा बाग करारानं द्यायची आहे. गुडघे साथ देत नाहीत. मी म्हटलं, जूनमध्ये आठवडाभर रजा टाकतो. ते म्हणाले, "कलमं किती आहेत, मोजलीस का?"

मोजली. 140.