‘ओरिजिनल चंदीगड खुर्ची’ घेताय? आधी ती उलटी करा, मग कागद मागा

तिरके पाय, सागवानाचा सांगाडा, वेताची बैठक. अशी जुनी खुर्ची नागपुरात एखाद्या दुकानात किंवा ऑनलाइन जाहिरातीत दिसते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ओरिजिनल चंदीगड’. या दोन शब्दांनी हजारांतली वस्तू लाखांत जाते. म्हणून पैसे पाठवण्याआधी थोडं थांबा.

ही भानगड नेमकी काय आहे? ल कॉर्बुझिए याचा चुलतभाऊ पिअर जानरे १९५१ ते १९६५ या काळात चंदीगडमध्ये होता. नव्या शहराच्या सरकारी कचेऱ्या, हायकोर्ट, विद्यापीठ यांच्यासाठी त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी साधं, टिकाऊ फर्निचर आखलं. ते हजारोंच्या संख्येने बनलं, वापरलं गेलं, मोडलं आणि भंगार म्हणून लिलावात निघालं. फ्रेंच विक्रेत्यांनी ते उचललं, दुरुस्त केलं, आणि पुढे परदेशी लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपये मिळू लागले.

आता नागपूरचं बघा. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं, त्यामुळे जुन्या कचेऱ्या भरपूर आणि वेताच्या खुर्च्याही भरपूर. शिवाय ‘सीपी टीक’ म्हणून नावाजलेलं सागवान आपल्याच भागातलं. म्हणजे खुर्ची जुनी आहे, सागवानी आहे आणि सरकारी आहे, हे तिन्ही खरं असूनही तिचा चंदीगडशी काडीचा संबंध नसू शकतो.

खुर्ची उलटी करून बघा. हात टेकतो तिथे, पायांच्या टोकाला, बैठकीच्या पुढच्या कडेला झीज हवी. न दिसणाऱ्या भागाचा रंग वेगळा हवा. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर तो बहुधा पॉलिशचा. जुन्या घराच्या तुळयांपासून नवी खुर्ची बनवली, तर लाकूड खरंच जुनं असतं! अशा वेळी विनाकारण ठिकाणी पडलेली आणि लांबी भरून बुजवलेली खिळ्यांची भोकं शोधा. वेत नवा असेल तर घाबरू नका. वेत फाटतो, बदलावाच लागतो. पाय किंवा हात नवे असतील तर मात्र भाव उतरतो.

अनेक अस्सल खुर्च्यांवर कार्यालयाची आद्याक्षरं आणि क्रमांक रंगवलेले असतात. पण ब्रश आणि रंगाचा डबा कुणाकडेही असतो, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर मी तरी एक रुपयाही जास्त देणार नाही.

खरी किंमत कागदाची आहे. कुठल्या कार्यालयाचा लिलाव, कोणत्या साली, पावती कोणाच्या नावे, नंतर कोणाकडून कोणाकडे? २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या अशा वारसा वस्तूंच्या विक्रीवर आणि लिलावावर बंदी घातली. चंदीगडमधून हे फर्निचर चोरीलाही गेलं आहे. त्यामुळे कागद नसलेली खुर्ची अस्सल निघाली तर आनंदाची नाही, उलट काळजीची गोष्ट आहे: ती चोरीचा माल असू शकते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात फर्निचरला साधारण १०० वर्षांची अट आहे, म्हणून त्या कायद्याचं संरक्षण या खुर्च्यांना अजून मिळत नाही. पण चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा वेगळाच गुन्हा आहे.

भाव ठरवताना जाहिरातीतली मागणी पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष किती रुपयांना विकली ते पाहा. तेही तशाच मॉडेलची, तशाच अवस्थेतली आणि कागदपत्रं असलेली. कागद नसेल तर हिशेब सरळ आहे: लाकूड, कारागिरी, वेत विणण्याची मजुरी. अशी खुर्ची बसायला उत्तमच असते आणि त्या धर्तीची नवी खुर्ची नवी म्हणून विकण्यातही काही गैर नाही.

सौदा ठरला तर पावतीवर ‘चंदीगडची’ की ‘चंदीगड पद्धतीची’ हे स्पष्ट लिहून घ्या. विकणारा पहिला शब्द लिहायला कां-कू करत असेल, तर पैसेही दुसऱ्या शब्दाचेच द्या.