कांगड्याचे मीठ

घरातल्या मिठाच्या पिशवीवर 'आयोडीनयुक्त' असे छापलेले तुम्ही रोज पाहता. त्या शब्दामागे सरकारी पैशातून झालेले एक जुने संशोधन आहे. प्रतिबंधक आरोग्याच्या संशोधनावर सरकारने जास्त खर्च का करावा, असे कुणी विचारले की मला तेच आठवते.

१९५० च्या दशकात कांगडा खोऱ्यात (आज हिमाचल प्रदेशात, तेव्हा पंजाबात) गळ्याला गाठ असलेली माणसे गावोगाव दिसत. दर दहांतल्या जवळजवळ चौघांना गलगंड होता. डोंगरउतारावरच्या मातीतले आयोडीन पाण्याबरोबर वाहून जाते, मग ते धान्यातही उतरत नाही. आयोडीनशिवाय थायरॉईडला संप्रेरक बनवता येत नाही आणि जोर लावून लावून ग्रंथी फुगते. पण गाठ हा त्यातला दिसणारा भाग झाला. खरे नुकसान पोटातल्या बाळाचे होते. मेंदू घडत असताना हे संप्रेरक कमी पडले तर बाळाची बुद्धी खुंटते, ऐकू येत नाही, आणि पुढे कितीही औषध दिले तरी ते पूर्ण भरून येत नाही.

स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत १९२० च्या दशकातच मिठात आयोडीन घालू लागले होते. मग आपण पुन्हा तपासायचे कशाला? कारण आपले मीठ वेगळे होते: जाडे, ओलसर, पोत्यांतून दूरवर जाणारे आणि पावसाळ्यात पाझरणारे. अशा मिठात पोटॅशियम आयोडाइड टिकत नाही, आयोडेट टिकते. शिवाय इथल्या माणसाला किती मात्रा पुरते, हे इथेच पाहायला हवे होते.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ च्या सुमारास खोऱ्याचे तीन भाग केले. एकात आयोडाइडचे मीठ, एकात आयोडेटचे, तिसऱ्यात साधे. सुमारे एक लाख लोक आणि पुरवठा सरकारी यंत्रणेतून. सहा वर्षांनी आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंडाचे प्रमाण निम्मे किंवा त्याहून कमी झाले होते, तिसऱ्यात जैसे थे. मग तिथेही आयोडीनचे मीठ दिले गेले आणि तिथेही गाठी कमी होऊ लागल्या. (इतकी वर्षे एका भागाला साधे मीठ देणे आजच्या नीतिनियमांत बसले नसते, हेही सांगायला हवे.) १९७३ च्या अहवालावर देव आणि करमरकर ही नावेही आहेत.

आता विचार करा, याला पैसे कोणत्या कंपनीने दिले असते? मिठाचे पेटंट नाही. खोऱ्यातली माणसे गरीब, आणि यश आले की गिऱ्हाईकच संपते! वाचलेल्या बाळाला आपण वाचलो हे कळत नाही, म्हणून कुणी मोर्चाही काढत नाही. असे काम सरकारी तिजोरीतूनच होते. भारत मात्र सगळ्या संशोधनावर मिळून सकल राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही.

१९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, पण तो फक्त डोंगराळ पट्ट्यापुरता. पुढे भडोच आणि औरंगाबाद जिल्ह्यांसारख्या, हिमालयापासून दूरच्या भागांतही गलगंड सापडला. पूर्व उत्तर प्रदेशात नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात थायरॉईड संप्रेरक कमी आढळले. मगच, १९८० च्या दशकात, सगळ्या देशाच्या मिठात आयोडीन घालायचे ठरले. २००० साली साध्या मिठावरची केंद्राची बंदी उठली तेव्हा, ती परत आणा असे सांगायला डॉक्टरांच्या हाती हीच आकडेवारी होती. काही वर्षांनी बंदी परत आली. आज ९० टक्क्यांहून जास्त घरांत आयोडीनचे मीठ आहे.

पण काम संपलेले नाही. रक्तदाबासाठी आम्ही तुम्हाला मीठ कमी करा म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खाणाऱ्या गरोदर बाईला त्यातून पुरेसे आयोडीन मिळेल का? आणि घरात हौसेने सैंधव आणले असेल, ज्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते, तर? हे जिल्ह्याजिल्ह्यांत लघवीचे नमुने तपासत वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते, आणि त्यासाठी दरवर्षी पैसे लागतात.