'खुले करणे' : एका क्रियापदाचा नाशिकमधील इतिहास

शब्दकोशात क्रियापदाचा अर्थ दिलेला असतो, त्याचा कर्ता मात्र दिलेला नसतो. कर्ता कोण, ही गोष्ट इतिहास ठरवीत असतो. इंग्रजीतील 'थ्रो ओपन' या क्रियापदाच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. 'थ्रो' म्हणजे फेकणे आणि 'ओपन' म्हणजे उघडे. परंतु दोहोंच्या संयोगातून निघणारा अर्थ या दोहोंपैकी एकातही नाही. काटेकोर व्याकरणकार म्हणतील की येथे दुसरे पद विशेषण आहे, शब्दयोगी किंवा क्रियाविशेषण नव्हे. तरीही व्यवहारात ही दोन पदे एकाच क्रियापदासारखी वागतात. खिडकी झटक्यात उघडणे, हा या क्रियापदाचा मूर्त अर्थ. सभेतील चर्चा सर्वांसाठी मोकळी करणे, स्पर्धेवरील बंधन काढणे, खाजगी उद्यानात लोकांना येऊ देणे, हे त्याचे लाक्षणिक विस्तार होत. या सर्व विस्तारांत एक गोष्ट समान आहे : दाराचा ताबा ज्याच्याकडे आहे तोच क्रियेचा कर्ता असतो. जो बाहेर उभा आहे तो फार तर चतुर्थीत येतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अस्पृश्यताविषयक इंग्रजी लेखनात हे क्रियापद रूढ झाले. फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहून निघू लागलेल्या 'हरिजन' साप्ताहिकात कोठे किती देवळे व विहिरी अस्पृश्यांसाठी मोकळ्या झाल्या याची वृत्ते येत असत, आणि त्यांची भाषा प्रायः याच क्रियापदाची होती. मराठीत त्याचा प्रतिशब्द म्हणून 'खुले करणे' स्थिरावले. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हता, हे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाकडे पाहिले असता ध्यानात येते.

मराठीत 'उघडे' आणि 'खुले' हे शब्द समानार्थी वाटतात, पण देवळाच्या संदर्भात त्यांच्यात मोठे अंतर पडते. देऊळ रोज पहाटे उघडते आणि रात्री बंद होते. हा नित्यक्रम झाला, आणि त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. 'खुले' या शब्दाला मात्र 'कोणाला?' हा प्रश्न चिकटलेला असतो. उघडे देऊळ कोणाला तरी खुले नसणे, हाच अस्पृश्यतेचा संकेत होय. शिवाय 'उघडणे' हे मराठीत सकर्मक आणि अकर्मक असे दोन्ही प्रकारे चालते : दार उघडते, आणि कोणी तरी दार उघडतो. 'खुले करणे' मध्ये ही सोय नाही. तेथे करणारा लागतोच, आणि ज्याच्यासाठी करावयाचे तोही लागतो. सहायक क्रियापदांनी तर हा संबंध अधिकच स्पष्ट होतो. 'खुले करून देणे' म्हटले की दाता उभा राहतो. 'उघडून घेणे' म्हटले की बाहेरचा माणूसच कर्ता होतो. सुधारकांचे क्रियापद आणि सत्याग्रहींचे क्रियापद यांतील भेद 'देणे' आणि 'घेणे' यांतील भेद आहे.

या भेदाची पूर्वपीठिका महाडला घडली होती. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा इत्यादींचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तळे कागदावर खुले झाले, पण पाणी कोणी प्याले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाचा खरा अर्थ तपासला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्याने खुले केले तो पुन्हा बंद करू शकतो, ही या क्रियापदाच्या अर्थातच दडलेली शक्यता होती. महाडने ती उघड केली. तळ्याचा निर्णय अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

नाशिकच्या सत्याग्रहास २ मार्च १९३० रोजी प्रारंभ झाला. सुमारे १५,००० लोकांची मिरवणूक पंचवटीतील मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते. तेव्हा मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रिया अशी पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाज्यांशी बसली. दादासाहेब गायकवाड हे या लढ्याचे स्थानिक आधारस्तंभ. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाचे दोर उभयपक्षांनी मिळून ओढावेत अशी तडजोड ठरली होती. ती मोडली आणि दगडफेक झाली. सत्याग्रह कमीअधिक तीव्रतेने सुमारे पाच वर्षे चालला.

या प्रसंगातील एक विरोधाभास अर्थविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अस्पृश्यांना मंदिर खुले करावे लागू नये, म्हणून ते सर्वांनाच बंद करावे लागले. 'उघडे पण खुले नाही' ही जी स्थिती रूढीच्या आवरणाखाली सहज नांदत होती, ती सत्याग्रहाने अशक्य करून टाकली. दाराशी बसलेल्या माणसांनी दार उघडले नाही हे खरे. परंतु ते कोण बंद ठेवीत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. लपलेला कर्ता वाक्यात आणून बसविला.

डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेचा पुढील विकासही या व्याकरणातूनच समजून घेता येतो. फेब्रुवारी १९३३ मध्ये मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर काढलेल्या निवेदनात त्यांनी देवळे उघडावीत की नाही हा प्रश्न सवर्ण हिंदूंच्या विचारासाठी सोडला. याचा अर्थ, 'खुले करणे' या क्रियापदाचा कर्ता होण्यात किंवा त्याच्या चतुर्थीत राहण्यात त्यांना आता स्वारस्य उरले नव्हते. मार्च १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना पाठविलेल्या पत्रात सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला देताना, मूर्तिपूजेची ओढ हा या लढ्याचा हेतू कधीच नव्हता, समाजाला जागे करण्याचा तो मार्ग होता, असे त्यांनी स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. नाशिकचे क्रियापद 'आत जाणे' होते, येवल्याचे 'बाहेर पडणे'. बाहेर पडण्यासाठी कोणाच्या किल्लीची गरज नसते.

मुंबई इलाख्यात १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात हेच इंग्रजी क्रियापद पुन्हा भेटते : सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करणारा कायदा करण्यास राज्यसंस्थेला मोकळीक आहे. येथे शब्द जुना असला तरी कर्ता बदललेला आहे. पुजारी, विश्वस्त किंवा उदार सुधारक यांच्या जागी कायदा आला आहे. जे एकेकाळी देणगी म्हणून दिले आणि परत घेतले जात होते, ते अधिकार म्हणून मागता येऊ लागले.

मराठी समीक्षेनेही या इतिहासाकडून काही शिकावयास हवे. १९६३ मध्ये 'जेव्हा मी जात चोरली होती' हा बाबुराव बागुलांचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यानंतरच्या साहित्याविषयी लिहिताना 'मराठी साहित्याचे दालन दलित लेखकांना खुले झाले' अशा धर्तीची वाक्ये सहज लिहिली जातात. वाक्य सद्भावनेचे आहे, पण त्याचे व्याकरण १९२४ च्या नगरपालिकेचे आहे. त्यात दालन आधीपासून कोणाचे तरी असते आणि लेखक चतुर्थीत उभा राहतो. बागुलांच्या कथांनी कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहिली नव्हती. त्यांनी 'मराठी साहित्य' या पदाचाच अर्थ बदलला. साहित्येतिहासाला हे सांगावयाचे असेल, तर त्याने प्रथम आपल्या वाक्याचा कर्ता बदलला पाहिजे.