आवडता खेळाडू आणि त्याची कार्डे : उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या कार्डसंग्रहाचा इतिहास

गोषवारा :

आइस हॉकीच्या खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे कॅनडात १९१०-११ च्या हंगामापासून प्रसिद्ध होत आली आहेत. त्यांचा इतिहास सामान्यतः उत्पादक कंपन्या आणि त्यांनी काढलेले संच या क्रमाने मांडला जातो. प्रस्तुत लेखात हा इतिहास एकाच आवडत्या खेळाडूची कार्डे जमविणाऱ्या संग्राहकाच्या बाजूने पाहिला आहे. गॉर्डी हाऊ या खेळाडूच्या कार्डांचे उदाहरण घेऊन अशा संग्रहातून काय वाचता येते, आणि मूल्याच्या प्रचलित कल्पनेत संग्राहकाच्या आवडीला कोणते स्थान उरते, याचा विचार येथे केला आहे.

बीजसंज्ञा : आइस हॉकी, कार्डसंग्रह, भौतिक संस्कृती, बालग्राहक, दुर्मीळता, गॉर्डी हाऊ.

१. प्रस्तावना :

हॉकी हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर मैदान, ध्यानचंद आणि १९२८ पासूनची ऑलिंपिक सुवर्णपदके उभी राहतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरील हॉकी होय. तेथील कित्येक पिढ्यांच्या बालपणाशी हा खेळ जितका निगडित आहे, तितकीच त्या खेळातील खेळाडूंची चित्रकार्डेही निगडित आहेत. सिगारेटच्या पाकिटातून, मिठाईच्या वेष्टनातून आणि पुढे बबल गमच्या पुड्यातून ही कार्डे घराघरांत पोहोचली.

अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी तुलनेने अलीकडची आहे. त्याचे बरेचसे श्रेय न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक या संग्राहकाकडे जाते. त्यांनी १९३९ मध्ये अमेरिकी कार्डांची सूची प्रसिद्ध केली आणि आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिला. सी-५५, व्ही-१४५ यांसारखी जी सांकेतिक नावे आजही जुन्या हॉकी कार्डांसाठी वापरली जातात, ती या सूचीच्या पद्धतीतून आली आहेत. यातील 'सी' हे अक्षर कॅनडातील तंबाखूबरोबरच्या आणि 'व्ही' हे तेथील मिठाई व गमबरोबरच्या कार्डांचे निदर्शक आहे.

बर्डिक यांच्या वर्गीकरणाचा पाया मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यात कार्डाची ओळख ते कोणत्या उत्पादनाबरोबर व कोणत्या संचात निघाले यावरून ठरते. कार्डावर चित्र कोणाचे आहे हा प्रश्न त्यात दुय्यम आहे. आवडत्या खेळाडूची कार्डे जमविणारा संग्राहक नेमका याच्या उलट वागतो. त्याला संच पूर्ण करावयाचा नसतो, तर प्रत्येक संचातून एकच माणूस शोधून काढावयाचा असतो. या दोन रीतींमधील फरक हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संचाचा नियम :

हॉकी कार्डांचा पहिला संच १९१०-११ च्या हंगामातील असून त्यात ३६ कार्डे होती. तो इम्पीरियल टोबॅको या कंपनीचा मानला जातो. त्यानंतर १९११-१२ मध्ये ४५ कार्डांचा सी-५५ हा संच आणि १९१२-१३ मध्ये ५० कार्डांचा सी-५७ हा संच निघाला. माँट्रियलचा विख्यात गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना याचे पहिले कार्ड सी-५५ मधील आहे. नॅशनल हॉकी लीग ही संघटना १९१७ मध्ये स्थापन झाली. म्हणजे खेळाडूची प्रतिमा विकण्याची प्रथा त्या संघटनेहूनही जुनी आहे.

महायुद्धात खंडित झालेली ही प्रथा १९२०च्या दशकात मिठाईच्या व्यापाराने पुढे चालविली. आँटॅरिओ प्रांतातील ब्रँटफर्ड येथील विल्यम पॅटरसन या कंपनीने १९२३-२४ मध्ये ४० कार्डांचा व्ही-१४५ हा संच काढला. पूर्ण संच जमविणाऱ्यास बक्षीस होते. परंतु बर्ट कॉर्बो या खेळाडूचे २५ क्रमांकाचे कार्ड कंपनीने फारच थोडे छापले. परिणामी ३९ कार्डे हाती असलेल्या मुलाला चाळिसाव्यासाठी मिठाई विकत घेत राहणे भाग पडे. बक्षिसांचा खर्च मर्यादित आणि मिठाईचा खप मात्र वाढता, असे हे गणित होते.

येथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. दुर्मीळता ही कार्डाला कालांतराने आपोआप प्राप्त होणारी गोष्ट आहे, हा सर्वसाधारण समज अपुरा ठरतो. ती आरंभापासून हेतुपुरस्सर निर्माण करता येते. दुसरे असे की, कॉर्बोच्या कार्डाची दुर्मीळता त्याच्या खेळाशी किंवा लोकप्रियतेशी संबंधित नव्हती. त्याच संचात हाउई मोरेन्झ हा त्या काळातील सर्वांत मोठा म्हणावा असा खेळाडू होता, पण मुलांना शोध होता तो कॉर्बोचा. संचाचा नियम मुलाला काय आवडावे यापेक्षा त्याच्याजवळ काय कमी आहे यावर चालतो.

३. नाव सांगून मागितलेले छायाचित्र :

या पार्श्वभूमीवर सेंट लॉरेन्स स्टार्च या कंपनीच्या योजनेचे महत्त्व कळते. आँटॅरिओमधील पोर्ट क्रेडिट येथील ही कंपनी 'बी हाइव्ह' या नावाने मक्याचा गोड पाक विकत असे. १९३४ पासून १९६७ पर्यंत तिने एक साधी योजना राबविली. पाकाच्या डब्यावरील कागदी पट्टी टपालाने पाठविली की कंपनी हॉकीपटूचे छायाचित्र पाठवी, आणि ते छायाचित्र कोणाचे हवे हे मागणाऱ्याने कळवावयाचे असे.

पुडा फोडल्यावर आत काय निघेल हे दैवावर अवलंबून असते. टपालाने मागणी करताना मात्र मुलाला एक नाव लिहावे लागे. आपला खेळाडू कोणता, हे त्याला स्वतःशी ठरवावे लागे, आणि त्यासाठी घरातील पाकाचा डबा रिकामा होण्याची वाटही पाहावी लागे. मंदीच्या वर्षांत सुरू झालेल्या या योजनेत छायाचित्रासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नसत, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही. आवडत्या खेळाडूचा संग्राहक असा जो वर्ग पुढे दिसतो, त्याची स्पष्ट अशी पहिली ओळख या टपालव्यवहारात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

४. एका खेळाडूचा संग्रह – गॉर्डी हाऊ :

गॉर्डी हाऊ याचा जन्म ३१ मार्च १९२८ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील फ्लोरल येथे झाला. १९४६ ते १९७१ अशी सलग २५ वर्षे तो डेट्रॉइट रेड विंग्ज या एकाच संघाकडून खेळला. इतक्या स्थिर कारकिर्दीच्या खेळाडूची कार्डे जमविणे सोपे असावे, असे सकृद्दर्शनी वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही.

दुसऱ्या महायुद्धात थांबलेली गमच्या पुड्यातील कार्डे १९५१-५२ मध्ये पार्कहर्स्ट या कंपनीने १०५ कार्डांच्या संचाने पुन्हा सुरू केली. हाऊचे कार्ड या संचात ६६ व्या क्रमांकावर आहे. मॉरिस रिशार याचे कार्ड चौथे आहे. म्हणजे पदार्पणानंतर पाच वर्षांनी हाऊचे 'पहिले' कार्ड निघाले. त्याआधीच्या हाऊचा शोध घ्यावयाचा तर बी हाइव्हच्या छायाचित्रांकडेच वळावे लागते. पुढे १९५४-५५ मध्ये अमेरिकेतील टॉप्स ही कंपनी या व्यवसायात उतरली आणि हाऊचे कार्ड तिच्याही संचात आले. पुढील हंगामात टॉप्सने हॉकीचा संचच काढला नाही आणि पार्कहर्स्टने केवळ माँट्रियल व टोरँटो या कॅनडातील संघांना स्थान दिले. १९५६-५७ मध्ये तर दोन्ही कंपन्यांचे संच निघाले नाहीत. त्यामुळे हाऊ कारकिर्दीच्या ऐन भरात असताना, त्या दोन हंगामांत या प्रमुख संचांतून तो पूर्णतः अनुपस्थित आहे. १९५७-५८ पासून तो पुन्हा टॉप्सकडे, १९६०-६१ मध्ये पार्कहर्स्टकडे आणि पार्कहर्स्टचे संच बंद पडल्यावर १९६४-६५ मध्ये पुनश्च टॉप्सकडे दिसतो.

खेळाडूने या सर्व काळात संघ बदललेला नाही. बदलले ते त्याच्या प्रतिमेवरील व्यापारी हक्क. संचाच्या क्रमाने पाहणाऱ्या अभ्यासकाला ही हालचाल जाणवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक संच आपापल्या जागी पूर्ण असतो. एका खेळाडूच्या मागे जाणाऱ्या संग्राहकाला मात्र तुटलेला धागा लगेच दिसतो. याच काळात, १९५७ मध्ये, हाऊचा डेट्रॉइटमधील सहकारी टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. त्याची शिकागो संघाकडे रवानगी झाली आणि तो प्रयत्न मोडून पडला. खेळाडूंची टिकाऊ संघटना त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये उभी राहिली. खेळाडूच्या चेहऱ्याचा व्यापार वाढत असताना स्वतःच्या अटी सामूहिकपणे मांडण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते, हे या कार्डांकडे पाहताना विसरता येत नाही.

१९७१ मध्ये निवृत्त झालेला हाऊ १९७३ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी संघटनेच्या ह्यूस्टन संघातून, मार्क व मार्टी या आपल्या दोन मुलांसह पुन्हा खेळू लागला. कॅनडातील ओ-पी-ची या कंपनीने १९७४-७५ मध्ये या संघटनेचा संच काढला, त्यात पिता व दोन्ही पुत्र एकाच कार्डावर आहेत. १९७९ मध्ये ती संघटना संपुष्टात येऊन तिचे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये आले आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी हाऊ हार्टफर्ड संघातर्फे आपला अखेरचा हंगाम खेळला. ओ-पी-चीच्या १९७९-८० च्या ३९६ कार्डांच्या संचात तो १७५ व्या क्रमांकावर आहे.

याच संचातील १८ व्या क्रमांकाचे कार्ड वेन ग्रेट्झ्की या अठरा वर्षांच्या नवोदित खेळाडूचे आहे. ग्रेट्झ्की मूळचा ब्रँटफर्डचा, म्हणजे ज्या गावी कॉर्बोचे कार्ड निघाले त्याच गावचा. त्याचा बालपणीचा आवडता खेळाडू गॉर्डी हाऊ होता. हाऊच्या ९ क्रमांकाची त्याला ओढ होती आणि तो क्रमांक आधीच दुसऱ्याकडे असल्यामुळे त्याने ९९ हा क्रमांक घेतला. १९७२ मध्ये ब्रँटफर्ड येथे हाऊ व अकरा वर्षांचा ग्रेट्झ्की यांचे घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. चाहता आणि त्याचा आवडता खेळाडू सात वर्षांनी एकाच संचात सहखेळाडू म्हणून यावेत, असा योग कार्डांच्या इतिहासात विरळाच.

५. कोरेपणाचे मूल्य :

या दोन कार्डांच्या बाजारभावात आज जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ग्रेट्झ्कीच्या या कार्डाची एक निर्दोष प्रत डिसेंबर २०२० मध्ये लिलावात १२.९ लाख डॉलरना विकली गेली. दहा लाख डॉलरची मर्यादा ओलांडणारे हॉकीचे ते पहिले कार्ड ठरले. मे २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरचा खासगी व्यवहार झाला. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या पीएसए या संस्थेसारख्या परीक्षण संस्था कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग व चित्राचे मध्यवर्तीपण तपासून १ ते १० अशी श्रेणी देतात. ओ-पी-चीची कार्डे तारेने कापली जात, त्यामुळे त्यांच्या कडा मुळातच खडबडीत असत. निळ्या किनारीवरील लहानसा ओरखडाही उठून दिसे. म्हणून दहाची श्रेणी मिळालेल्या प्रती अत्यल्प आहेत.

ज्या मुलांसाठी ही कार्डे छापली, त्यांनी ती भिंतीवर आपटण्याच्या खेळात वापरली, सायकलच्या आऱ्यांत अडकवली, रबराने बांधून खिशात बाळगली. ज्या खेळाडूवर जीव अधिक, त्याचे कार्ड अधिक हाताळले जाणार हे उघड आहे. आजच्या बाजारात सर्वाधिक मोल आहे ते मात्र ज्याला कोणी हात लावला नाही अशा प्रतीला. जिच्या साहाय्याने एखादे मूल मोठे झाले, ती दुमडलेली प्रत सदोष मानली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने ही श्रेणी जशीच्या तशी स्वीकारावी काय, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो. कोरे कार्ड छपाईविषयी माहिती देते. वापरलेले कार्ड वापराविषयी देते, आणि बालपणाच्या इतिहासाला दुसऱ्या माहितीची अधिक गरज आहे.

१९९०-९१ मध्ये स्कोअर, प्रो सेट व अपर डेक या कंपन्या हॉकीत उतरल्या आणि कार्डांचे अमाप उत्पादन झाले. ती कार्डे लोकांनी गुंतवणूक म्हणून जपून ठेवली. परंतु सर्वांनीच जपल्यामुळे त्यांपैकी बहुतेकांना भाव उरला नाही. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी क्रमांकित कार्डे, गणवेशाचे तुकडे बसविलेली कार्डे आणि अखेर केवळ एकच प्रत असलेली कार्डे काढली. पॅटरसन कंपनीची १९२३ मधील युक्तीच येथे नव्या रूपात आली. फरक इतकाच की, कॉर्बोचे कार्ड निदान मिळण्याची आशा प्रत्येकाला होती. हाऊच्या चाहत्याला २८ वर्षांच्या कालावधीतील मोजकी कार्डे शोधावयाची होती. २००५-०६ मध्ये पदार्पण केलेल्या सिडनी क्रॉस्बीच्या चाहत्यापुढे शेकडो प्रकार आहेत आणि एकच प्रत असलेली कार्डे त्यात असल्यामुळे संग्रह पूर्ण होणे तत्त्वतःच अशक्य आहे.

६. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कार्डांची दुर्मीळता ही प्रायः उत्पादकाच्या निर्णयाची निष्पत्ती आहे आणि तिचा खेळाडूच्या योग्यतेशी संबंध असतोच असे नाही. दुसरा असा की, एका खेळाडूच्या संग्रहातील खंड हे संग्राहकाचे अपयश नसून व्यापारी हक्कांच्या इतिहासाचा पुरावा होत. तिसरा असा की, झिजलेली कार्डे ही बालग्राहकाच्या वर्तनाची साधने असल्याने संग्रहालयांनी व अभ्यासकांनी ती त्याज्य मानू नयेत.

कंपनीने संच ठरविला, क्रमांक दिले, कोणते कार्ड कमी छापावयाचे हेही ठरविले. त्यातून एकाच माणसाला निवडून, त्याच्यामागे वर्षानुवर्षे जाण्याचा निर्णय मात्र मुलाचा होता. पाकाच्या डब्याची पट्टी पाकिटात घालून त्याबरोबर एक नाव लिहिणाऱ्या त्या मुलांची पत्रे आज फारशी उपलब्ध नाहीत. त्यांनी काय मागितले होते हे त्यांच्या जुन्या, कोपरे मुडपलेल्या संग्रहांवरूनच कळू शकते. असे संग्रह मालकाच्या पश्चात विकले जातात तेव्हा त्यांतील भारी कार्डे वेगळी काढली जातात आणि उरलेली विखुरतात. त्या संग्रहांची नोंद ते विखुरण्यापूर्वी, जमविणाऱ्याने लावलेल्या क्रमासह व्हावी, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.