दोन कातारीना

नगरच्या निजामशाहीचा शोध घेताना गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य पुन्हा पुन्हा भेटतो. तो बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी आणि दरबारातल्या हकिमांशी औषधींची चर्चा करी. त्यातले बरेच त्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आले आहे. त्याच्या मागावर मी जुन्या गोव्यात गेलो आणि तिथल्या सी कॅथेड्रलमध्ये, संत कॅथरीनच्या वेदीपुढे, अडकून पडलो.

पोर्तुगीज तिला सांता कातारीना म्हणतात. कथा अशी : चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियातल्या या विदुषीने पन्नास पंडितांना वादात हरवले. सम्राटाने तिला खिळ्यांच्या चाकावर चढवायचे ठरवले, तर चाकच मोडले. जनाबाईच्या आख्यायिकेत सुळाचे पाणी होते, तसेच हे. कॅथरीनचा मात्र शेवटी शिरच्छेद झाला. तिचा समकालीन पुरावा नाही; कथा लिहिली गेली ती काही शतकांनंतर. १९६९ साली रोमने तिचा दिवस सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला, २००२ साली परत घेतला.

गोव्यात ती आली ती लढाईतून. अल्बुकर्कने आदिलशाहीकडून शहर दुसऱ्यांदा घेतले तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे नेमका तिचा सण. त्याने तिच्या नावे चॅपेल बांधले, १५३४ साली त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला आणि पुढे आजची प्रचंड वास्तू उभी राहिली. राजसत्तेपुढे न वाकलेली ही रक्तसाक्षी इथे विजेत्यांची देवता झाली! युरोपात तिच्या पायाखाली सम्राट दाखवतात. व्हाइसरॉयच्या कमानीवर तलवारधारी स्त्रीच्या पायाखाली पडलेला दिसतो तो इथला माणूस. ती स्त्री कॅथरीनच, असे काही अभ्यासक मानतात.

गार्सिया गोव्यात आला तोही १५३४ सालीच. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. त्याची आई आणि दोन बहिणी १५४९ च्या सुमारास त्याच्याकडे आल्या. बहिणींनी त्याआधी लिस्बनमध्ये इन्क्विझिशनचा तुरुंग पाहिला होता. त्यांतल्या एकीचे नाव कातारीना. १५६० साली इन्क्विझिशन गोव्यातही आले. गार्सिया १५६८ साली मरण पावला आणि त्याच वर्षी कातारीनाला पकडले. छुपी ज्यू ठरवून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळण्यात आले. संत कातारीनाच्या सणाला तेव्हा बरोबर महिना उरला होता.

मी कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवरचे, संत कॅथरीनच्या छळाचे कोरीव देखावे बराच वेळ बघत होतो. सोन्याचा मुलामा अजून झळकतो. ज्या शहराने धर्म न सोडणाऱ्या एका स्त्रीची पूजा बांधली, त्याच शहराने त्याच नावाच्या दुसरीला त्याच कारणासाठी सरणावर चढवले. पहिलीबद्दल कागद नाही, तरी वेदी आहे. दुसरीचा खटला कागदावर आहे. तिच्या नावाची एक पाटीही मला गोव्यात सापडली नाही. आमच्या निजामशहाच्या वैद्याची हाडे १५८० साली उकरून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. संध्याकाळी तिथे बाकावर बसून मी परतीच्या बसची वाट पाहिली.