पहिल्या आठवड्याची साक्ष

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कळवणला पहाटे साडेपाच वाजता अंधार असतो आणि थंडी अंगावर येत असते. मेलबर्नला त्याच वेळी सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि ऑस्ट्रेलियन ओपनच्या दिवसाचे पहिले सामने सुरू होतात. आमच्याकडे टेनिस येते ते टीव्हीवरूनच. उन्हाळ कांद्याची लागवड त्या सुमारास उरकत आलेली असते. रोप जोमदार होते की मरगळलेले, यावर शेतात चर्चा चालते आणि घरात टीव्हीवरचे समालोचक तशीच चर्चा खेळाडूंविषयी करत असतात. कोण लयीत आहे, कोणाचा खांदा दुखतो आहे, कोणी मागच्या आठवड्यात कोणती स्पर्धा जिंकली आणि म्हणून यंदा कोणाचे वर्ष.

हा अंदाज दरवर्षी बांधला जातो, पण तो मागे वळून तपासला मात्र क्वचित जातो. तो तपासण्याची एक चांगली सोय आपल्या देशात, आणि काही वर्षे आपल्या राज्यात होती. पुरुषांच्या जागतिक टेनिस दौऱ्याची एक स्पर्धा जानेवारीच्या अगदी पहिल्या आठवड्यात आधी चेन्नईला आणि नंतर पुण्याच्या बालेवाडीत होत असे. तेथे जो जिंकला, त्याचे दोन आठवड्यांनी मेलबर्नला काय झाले, एवढा साधा हिशेब मांडला तरी ‘फॉर्म’ या शब्दाविषयी बरेच काही कळते.

खेळाडूंना एकमेकांशेजारी उभे करून जोखणे आपल्याला नवे नाही. गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांत पंच जोड लावतात. दोघांची उंची, मान, मनगट डोळ्यांनी मोजतात, मागच्या यात्रेत कोणी कोणाला चीत केले ते आठवतात आणि मग इनाम ठरवतात. टेनिसमध्येही कित्येक दशके असेच चालले. वर्षअखेरीस वृत्तपत्रांचे टेनिस प्रतिनिधी आपापल्या पसंतीची पहिल्या दहा जणांची यादी छापत, आणि स्पर्धेतली मानांकने समिती ठरवी. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, तेव्हा १९६२ मध्ये त्यांना चौथे मानांकन मिळाले. त्या वर्षी घोट्याच्या दुखापतीने त्यांना स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. समितीने त्यांची दोन वर्षांची कामगिरी नीट जोखली होती. घोटा जोखणे तिच्या हाती नव्हते.

२३ ऑगस्ट १९७३ रोजी संगणकाने काढलेली पहिली जागतिक क्रमवारी जाहीर झाली आणि इली नास्तासे हा तिच्यातला पहिला अव्वल खेळाडू ठरला. पसंती-नापसंतीचा भाग गेला आणि आकडे आले. पण हे आकडे कशाचे, हे लक्षात घ्यायला हवे. क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांचा हिशेब सांगते. एखाद्याने गेल्या फेब्रुवारीत मोठी स्पर्धा जिंकली असेल, तर त्या गुणांवर तो पुढच्या जानेवारीतही वर दिसतो, मग मधल्या काळात त्याच्या फटक्यांतली धार गेलेली का असेना. ही उणीव जाणवल्यामुळेच २००० सालापासून जानेवारीत सर्वांना शून्यापासून मोजणारी दुसरी गुणतालिकाही सुरू झाली. म्हणजे एकाच खेळाडूची दोन खाती झाली, एक मागच्या वर्षाचे आणि एक चालू वर्षाचे.

‘नवा हंगाम’ ही कल्पनाही वाटते तितकी जुनी नाही. १९७७ ते १९८५ या काळात ऑस्ट्रेलियन ओपन डिसेंबरात होत असे, म्हणजे ती वर्षाची अखेरची मोठी स्पर्धा होती. लांबचा प्रवास आणि नाताळचे दिवस यामुळे अनेक मोठे खेळाडू तिकडे फिरकत नसत. फ्रेंच ओपन सहा वेळा आणि विम्बल्डन पाच वेळा जिंकणारा ब्योर्न बोर्ग ऑस्ट्रेलियात ही स्पर्धा फक्त एकदा, १९७४ मध्ये खेळला. १९८६ मध्ये ती झालीच नाही. १९८७ मध्ये ती जानेवारीत परतली, १९८८ मध्ये गवत सोडून नव्या संकुलातल्या कृत्रिम कोर्टांवर गेली, आणि १९९० मध्ये पुरुषांचा सध्याचा दौरा आकाराला आला. नोव्हेंबरात थांबायचे, डिसेंबरात घाम गाळायचा आणि जानेवारीत पुन्हा परीक्षेला बसायचे, हा क्रम तेव्हापासूनचा.

या नव्या क्रमातला एक मोठा धक्का एका भारतीयानेच दिला. १९८८ मध्ये मॅट्स विलँडरने चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या होत्या. जानेवारी १९८९ मध्ये तो गतविजेता आणि जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून मेलबर्नला उतरला. दुसऱ्या फेरीत रमेश कृष्णनने त्याला ६-३, ६-२, ७-६ असे सरळ हरवले. क्रमवारी खोटी नव्हती, विलँडरने ते गुण खरोखर मिळवले होते. पण तो महिना संपायच्या आत इव्हान लेंडल पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला आणि विलँडर त्यानंतर एकही ग्रँड स्लॅम एकेरीत जिंकू शकला नाही. क्रमवारीत जे दिसायला आणखी काही आठवडे लागले असते, ते रमेशने एका दुपारी दाखवून दिले.

आता आपल्या हिशेबाकडे वळू. ही भारतीय स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली. सुरुवातीला ती एप्रिलमध्ये होई, या शतकाच्या आरंभी ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्थिरावली. २०१८ मध्ये ती ‘महाराष्ट्र ओपन’ या नावाने पुण्याला आली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलाला त्यामुळे जागतिक टेनिसच्या नकाशावर जागा मिळाली.

२००८ ते २०१९ ही सलग बारा वर्षे घेऊ. या काळात भारतात जिंकलेला प्रत्येक विजेता दोन आठवड्यांनी मेलबर्नला खेळला. त्यांपैकी एक जण तेथेही अजिंक्य ठरला: स्टॅन वावरिंका, २०१४. दोनदा विजेता उपांत्य फेरीपर्यंत गेला: मारिन चिलिच (२०१०) आणि पुन्हा वावरिंका (२०१५). दोनदा उपांत्यपूर्व फेरी: मिखाइल यूझ्नी (२००८) आणि वावरिंका (२०११). चारदा चौथी फेरी: चिलिच (२००९), यान्को टिप्सारेविच (२०१३), वावरिंका (२०१६), रॉबर्तो बाउतिस्ता अगुत (२०१७). मिलोस राओनिच २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत हरला. पुण्याचे पहिले दोन विजेते, जिल सिमों आणि केव्हिन अँडरसन, दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले.

बारांपैकी नऊ जण निदान चौथ्या फेरीपर्यंत पोचले, म्हणजे शेवटच्या सोळांत आले. पहिल्या आठवड्याची साक्ष अगदीच पोकळ नाही, हे यावरून दिसते. पण अजिंक्यपदापर्यंत पोचला तो एकच. ज्याची क्रमवारी पहिल्या दहाच्या आसपास आहे, अशा खेळाडूसाठी जानेवारीतला विजय हा तब्येत ठीक असल्याचा चांगला दाखला असतो. तो जग जिंकेल की नाही, हे मात्र त्या दाखल्यावर लिहिलेले नसते.

आणि हरलेल्यांविषयी तर ही साक्ष फार फसवी आहे. २००८ चा चेन्नईचा अंतिम सामना आठवा. यूझ्नीने राफेल नदालला ६-०, ६-१ असे हरवले. त्या दिवशी ज्यांनी फक्त धावफलक पाहिला, त्यांना नदालचे वर्ष संपलेलेच वाटले असेल. पण आदल्या दिवशी तो कार्लोस मोयाशी जवळपास चार तास झुंजून, शेवटचे दोन सेट टायब्रेकमध्ये घेऊन अंतिम फेरीत आला होता. पाय उचलत नव्हते, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. त्याच वर्षी नदालने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले आणि ऑगस्टमध्ये तो जगात पहिला झाला.

पुण्यातही हेच घडले. २०१८ मध्ये बालेवाडीत अव्वल मानांकन चिलिचला होते. उपांत्य फेरीत त्याला सिमोंने हरवले, आणि सिमों तेव्हा पहिल्या पन्नासांतही नव्हता. अंतिम फेरीत सिमोंसमोर अँडरसन होता, काही महिन्यांपूर्वीच अमेरिकन ओपनचा उपविजेता ठरलेला. पुण्याहून हे तिघे मेलबर्नला गेले. अँडरसन पहिल्याच फेरीत काइल एडमंडकडून पाच सेटमध्ये हरला, सिमोंने दुसऱ्या फेरीत दुखापतीने सामना सोडला, आणि पुण्यात सर्वांत आधी हरलेला चिलिच थेट अंतिम फेरीत पोचला. तेथे रॉजर फेडररला त्याच्यावर मात करण्यासाठी पाच सेट लागले. बालेवाडीत तिघांचा जो क्रम लागला होता, तो मेलबर्नला टिकला नाही.

असे का होते, याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. पहिल्या आठवड्यातली स्पर्धा तीन सेटची असते आणि चार-पाच सामने जिंकले की संपते. ग्रँड स्लॅमला पाच सेटचे सात सामने लागतात. तीन सेटमध्ये एखादा सेट हातून गेला की घाई सुरू होते, पाच सेटमध्ये दोन गमावूनही माणूस परत येतो. विजेत्याला इकडे २५० गुण, तिकडे २०००. त्यामुळे मोठे खेळाडू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जिंकण्यासाठी जितके येतात, तितकेच नवी रॅकेट, बदललेली सर्व्हिस किंवा बरा झालेला गुडघा तपासून पाहायला येतात. शेतकरी रोप पाहून अंदाज बांधतो, पण कांदा चाळीत किती टिकेल हे त्याला रोपात शोधता येत नाही. त्यासाठी उन्हाळा जावा लागतो.

सर्वांत वरच्या दोघा-तिघांची तुलना तर आणखी निसरडी. जानेवारी २०१७ मध्ये दोहाच्या अंतिम सामन्यात नोव्हाक जोकोविचने अँडी मरेची सलग २८ विजयांची मालिका तोडली. जगातले पहिले दोन खेळाडू, दोघेही भरात, आणि दोघांचा ताजा मुकाबला सर्वांनी पाहिलेला. मेलबर्नला जोकोविच दुसऱ्या फेरीत डेनिस इस्टोमिनकडून हरला, जो विशेष प्रवेशिकेवर खेळत होता. मरे चौथ्या फेरीत मिशा झ्वेरेव्हकडून हरला. जिंकला तो फेडरर. सहा महिने स्पर्धांपासून दूर, ३५ वर्षांचा आणि मानांकनात सतरावा. त्याच्या फॉर्मविषयी बोलायला कोणाकडे काही माहितीच नव्हती.

२०२४ आणि २०२५ मध्ये यानिक सिनरने तर ही परीक्षाच टाळली. दोन्ही वर्षी तो मेलबर्नआधी एकही अधिकृत स्पर्धा खेळला नाही, फक्त प्रदर्शनी सामने खेळला, आणि दोन्ही वर्षी विजेता झाला. ज्यांना त्याचा अंदाज बांधायचा होता, त्यांनी जानेवारीऐवजी नोव्हेंबर पाहायला हवा होता. २०२३ च्या अखेरीस त्याने जोकोविचला बारा दिवसांत दोनदा हरवले होते, आणि २०२४ चा शेवट त्याने वर्षअखेरची अजिंक्यपद स्पर्धा व डेव्हिस करंडक जिंकून केला होता. मला वाटते, वरच्या खेळाडूंच्या बाबतीत मागच्या हंगामाचे शेवटचे सामने हेच नव्या हंगामाविषयी अधिक सांगतात. डिसेंबरच्या विश्रांतीत खेळ विसरला जात नाही. या काळात बदलते ते शरीर, आणि ते बाहेरून दिसत नाही. २०२३ मध्ये बालेवाडीत पुन्हा अव्वल मानांकन घेऊन आलेल्या चिलिचने उपांत्यपूर्व सामन्याआधी दुखापतीने माघार घेतली आणि ते जवळजवळ पूर्ण वर्ष त्याच्या हातून गेले.

ती पुण्यातली शेवटची स्पर्धा ठरली. एकूण पाच झाल्या. त्यांपैकी २०२० आणि २०२२ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलियन ओपननंतर झाल्या, आणि २०२१ चे वर्ष साथीत गेले. २०२४ पासून जानेवारीची ती जागा हाँगकाँगला मिळाली, आणि पुरुषांच्या मुख्य दौऱ्याची एकही स्पर्धा भारतात उरली नाही. यात आपले काय गेले, याचा विचार पैशांपलीकडे जाऊन करायला हवा. कळवणचा किंवा सटाण्याचा एखादा मुलगा एसटीने नाशिक गाठून पुण्याला जाऊ शकत होता आणि २०१९ च्या अंतिम सामन्यात ३९ वर्षांच्या इव्हो कार्लोविचला अँडरसनविरुद्ध तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत नेताना समोर बसून पाहू शकत होता. गुण संपल्यावर खेळाडू कसा चालतो, टॉवेल किती वेळ तोंडावर धरतो, हरलेल्या सेटनंतर खुर्चीत कसा बसतो, हे टीव्ही जाहिरातींच्या आड घालवतो. माणूस जोखायला जोड लावणाऱ्या पंचांची नजर लागते आणि ती नजर आखाड्याच्या कडेलाच तयार होते.

पुण्याची स्पर्धा गेली त्याच जानेवारीत, २०२४ मध्ये, सुमित नागल पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य स्पर्धेत आला. पहिल्या फेरीत त्याने ३१ वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असे हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही ३५ वर्षांतली पहिली वेळ होती. त्याआधीची म्हणजे रमेश कृष्णनची विलँडरवरची मात. या पस्तीस वर्षांतला बराचसा काळ जागतिक टेनिस दरवर्षी आपल्या दारात येत होते. तरी दुसरा विजय यायला इतका वेळ लागला, म्हणजे स्पर्धा भरवली की खेळाडू आपोआप घडतात, असेही म्हणता येत नाही. दारात आलेला खेळ पाहिल्यावर मुलाला खेळायला कोर्ट आणि शिकवायला माणूस तालुक्याच्या गावी मिळायला हवा, तो भाग आपण मनावर घेतलाच नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नव्या हंगामाचे अंदाज सुरू झालेले असतील. २०२४ आणि २०२५ च्या आठही ग्रँड स्लॅम सिनर आणि कार्लोस अल्काराझ या दोघांनी चार-चार वाटून घेतल्या, त्यामुळे तुलना याच दोघांची होईल. ती जरूर करावी. फक्त जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोणी हरला म्हणून त्याला मोडीत काढू नये. चेन्नईचा नदाल आणि पुण्याचा चिलिच आपण जवळून पाहिलेले आहेत. मी पहाटे साडेपाचला टीव्ही लावीन, आवाज कमी ठेवीन, आणि उजाडल्यावर शेतात लागवड कुठवर आली ते पाहायला जाईन.