भाजे येथील स्मारकस्तूप

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याच्या डोंगरात कोरलेला 14 बौद्ध स्तूपांचा समूह. भाजे लेण्यांपैकी 20 क्रमांकाचे लेणे म्हणून तो ओळखला जातो. येथील 22 लेण्यांचे खोदकाम इ.स.पू. दुसऱ्या शतकात सुरू झाले. विहारात राहिलेल्या ज्येष्ठ भिक्षूंच्या, म्हणजे थेरांच्या, स्मरणार्थ हे स्तूप घडवले गेले.

रचना : पाच स्तूप कड्याखाली आतल्या बाजूस, तर नऊ बाहेर आहेत. प्रत्येक स्तूप अखंड दगडातून कोरलेला असून व्यास साधारण दीड ते दोन मीटर आहे. खाली दंडगोल मेधी, तिच्या वरच्या कडेला वेदिकेची नक्षी, त्यावर घुमटाकार अंड आणि काहींवर चौकोनी हर्मिका अशी मांडणी दिसते.

लेख : काही स्तूपांवर ब्राह्मी लिपीत थेरांची नावे कोरली आहेत. अंपिकिणक, धम्मगिरी आणि संघदिन ही त्यांतील नावे. राजे आणि दानशूर व्यापारी यांची नावे पश्चिम भारतातील लेण्यांत अनेक ठिकाणी आढळतात. येथे मात्र साध्या भिक्षूंची आठवण दगडाने जपली आहे. म्हणूनच या लहानशा समूहाचे मोल मोठे आहे.

तुलना : मुंबईजवळच्या कान्हेरी येथेही भिक्षूंच्या स्मारकस्तूपांची जागा आहे, तेथील स्तूप मात्र विटांचे होते. जॉर्डनमधील पेट्रा येथे नबाती लोकांनी वालुकाश्माच्या कड्यांत थडगी कोरली. तेथे भव्य दर्शनी भाग आणि मागे दफनाच्या खोल्या आहेत. भाजे येथील खडक कठीण बेसाल्टचा असून भरीव स्तूपांच्या आत शिरण्याजोगी खोली नाही. येथे स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालून वंदन करायचे.

भेट : पुण्याच्या नारायण पेठेतून निघणाऱ्यांना नदीपलीकडचे शिवाजीनगर स्थानक सोयीचे. लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे गावापर्यंत चालत जाता येते. गावातून पायऱ्यांची चढण आहे. बहुतेक जण 12 क्रमांकाचे चैत्यगृह पाहून परततात. त्यांनी थोडे पुढे जाऊन हे स्तूप अवश्य पाहावेत. त्यांवर चढू नये, टेकून बसू नये आणि आपली नावे कोरू नयेत. या दगडांवर नाव असण्याचा मान थेरांचा आहे.